पालकांनी सोबत बसून वाचावे

मुलगी नववीत गेली त्या वर्षी पहिल्याच पालकसभेत शाळेने सांगितलं, की यंदा मराठीला एक अख्खी कादंबरी नेमली आहे आणि ती पालकांनी मुलांसोबत बसून वाचायची आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची. उरणच्या बाजूला कंटेनरची गोदामं वाढत गेली तशा ज्या शाळा उभ्या राहिल्या, त्यांतली एक. मराठीच्या बाई नव्याने लागलेल्या होत्या. त्या उभ्या राहून म्हणाल्या, "तुमची मुलं मराठी बोलतात, पण वाचायला दिलं की ओळीओळीला अडखळतात. रोज थोडा वेळ काढा. एकाने वाचायचं, एकाने ऐकायचं. आईनेच असं नाही, वडिलांनीसुद्धा."

मागे उभे असलेले वडील हसले. त्यांत माझा नवराही होता. न्हावा शेव्याच्या एका गोदामात तो शिफ्ट सुपरवायझर आहे. रात्रपाळी करून सरळ सभेलाच आला होता. बाहेर पडताना मला म्हणाला, "आता आपल्यालाही होमवर्क. फी आपणच भरायची आणि अभ्यासही आपणच करायचा."

मला मात्र मनातून बरं वाटलं होतं. माझं शिक्षण बारावीपर्यंत, मराठीतून. मुलगी पाचवीत गेली तेव्हापासून तिच्या पुस्तकांतलं मला काही कळेनासं झालं. ती आधी मला विचारायची, मग वडिलांना विचारायला लागली, मग क्लासच्या सरांना. मी दुपारपर्यंत एका डॉक्टरांकडे केसपेपर लिहायचं काम करत असे आणि उरलेला वेळ घरात. तिच्या लेखी मी डबा देणारी, युनिफॉर्मला इस्त्री करणारी बाई झाले होते. तिला न येणारी आणि मला येणारी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे मराठी वाचणं. ते आता शाळेनेच मागितलं होतं.

कादंबरी घाटावरच्या एका खेड्यातली होती. एक भाऊ आणि एक बहीण. आईबाप लहानपणीच गेलेले, भावाने बहिणीला वाढवलेलं, तिचं लग्न लावून दिलेलं. पुढे भावावर वाईट दिवस येतात आणि बहीण आपल्या वाट्याचं शेत त्याच्या नावावर करून टाकते. शेवटी दोघं म्हातारी होतात, भाऊ तिच्या दारात येऊन रडतो आणि ती त्याचे डोळे पुसते. गोष्ट एवढीच. पण लिहिणाऱ्याने शेत असं लिहिलं होतं की वाचताना मातीचा वास यावा.

संध्याकाळी मी भाकऱ्या थापायला घेतल्या की मुलगी स्वयंपाकघरात दाराशी स्टूल ओढून बसायची आणि वाचायची. सुरुवातीला तिचं वाचणं ऐकवत नव्हतं. जोडाक्षर आलं की ती थांबायची, मग अंदाजाने काहीतरी म्हणायची. मी तव्यावरची भाकरी उलटत तिला दुरुस्त करायचे. शब्द तर तिला निम्मे कळत नव्हते.

"आई, खळं म्हणजे काय?"

"भात कापून आणलं की जिथे झोडतात ना, ती सारवलेली जागा. मामाच्या घरापुढे होती. आता तिथे गाड्या लावतात."

"आणि मळणी?"

मग मी मळणी सांगायचे. ती सांगता सांगता माझं माहेर निघायचं. रेवसपासून थोडं आत, खाडीच्या बांधाला लागून आमचं गाव. मोठी भरती आली आणि बांध फुटला, की खारं पाणी भाताच्या खाचरात शिरायचं आणि सगळा गाव चिखलात उतरून बांध घालायचा. माझे वडील रात्रीतून उठून बांधावर जायचे. हे सगळं मी मुलीला कधी सांगितलंच नव्हतं. तिने कधी विचारलं नव्हतं. तिच्यासाठी मामाचं गाव म्हणजे मोबाईलला रेंज नसलेली जागा होती.

त्या पावसाळ्यात ती पुस्तकाच्या निमित्ताने माझ्याजवळ येऊन बसायला लागली. वाचून झालं तरी लगेच उठून जायची नाही. कधी माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवून पुढची ओळ वाचायची. नवरा बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज बारीक करून ऐकत असायचा. आठवडाभर तो काही बोलला नाही. मग एकदा तिचं पान संपल्यावर बाहेरून म्हणाला, "मग बैल विकला का त्याने?"

आम्ही दोघी हसलो. दुसऱ्या दिवशी कादंबरी सापडेना. संध्याकाळी नवऱ्याच्या डब्याच्या पिशवीतून निघाली. जेवणाच्या सुट्टीत गोदामात बसून तो आमच्या पुढे वाचून आला होता. मुलगी त्याच्यावर खोटंखोटं चिडली आणि तो आम्हाला पुढचं सांगणार नाही म्हणून चिडवत राहिला. लग्नानंतर इतक्या वर्षांत आम्ही तिघं एकाच गोष्टीवर बोलतोय असं पहिल्यांदाच घडत होतं. तेवढे दिवस खरोखर चांगले गेले, म्हणून ते सांगितले. पुढचं सांगायला सोपं नाही.

बहीण तालुक्याला जाऊन सही करते ते प्रकरण गणपतीच्या आधी आलं. मुलगी वाचता वाचता थांबली.

"हक्कसोड म्हणजे?"

"वडिलांच्या जमिनीत मुलीचाही हिस्सा असतो. तो मला नको, भावाला राहू दे, असं लिहून द्यायचं."

"पण का?"

"पुस्तकात दिलंय की. भाऊ अडचणीत होता."

ती पुस्तकाकडे बघत राहिली आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू केलीस का अशी सही?"

"केली."

"कधी?"

"तुझे आजोबा गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी. तू तेव्हा माझ्या कडेवर होतीस."

मग मी तिला ते सगळं सांगितलं. तेव्हा मला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. दादाचा फोन आला होता, "बाय, तालुक्याला एक सही करायची हाय. सकाळी ये, संध्याकाळच्या लाँचने परत जाशील." मी मुलीला घेऊन करंजावरून रेवसची लाँच पकडली. दादा धक्क्यावर स्कूटर घेऊन उभाच होता. ऑफिसात माझा फोटो काढला, अंगठा घेतला. तिथल्या माणसाने विचारलं, "ताई, राजीखुशीने देताय ना?" मला हसू आलं. म्हटलं, "सख्खा भाऊ आहे हो." नंतर दादाने आम्हाला खानावळीत नेऊन मासे खाऊ घातले आणि बाजारातून मला एक साडी घेऊन दिली. मुलीला फुगा घेतला. लाँच सुटेपर्यंत तो धक्क्यावर थांबला होता. मला तो दिवस चांगलाच आठवत होता, आणि चांगला म्हणूनच आठवत होता. जमीन तेव्हा होती काय? भात पिकलं तर पिकलं. आणि गावातल्या कुठल्या मुलीने हिस्सा घेतला होता? ज्या एकीने मागितला होता, तिच्याशी तिच्या घरचे बोलत नव्हते.

मुलीने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पण मामा तर अडचणीत नव्हता."

"नव्हता अडचणीत."

"मग का दिलंस?"

"माहेर राहावं म्हणून."

"म्हणजे माहेर तू विकत घेतलंस," ती म्हणाली.

तिच्या आवाजात कुचकेपणा नव्हता. एखादं गणित सुटावं तसं ती म्हणाली. आणि तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून नवरा म्हणाला, "बरोबर बोलतेय ती. आता त्या जमिनीचं सोनं झालंय. मुंबईवाल्यांना पट्टी विकली तुझ्या दादाने, वर खोल्या बांधल्या. तुला काय दिलं? मी तेव्हाच सांगत होतो."

तो तेव्हा काहीच सांगत नव्हता. तेव्हा त्याने मला विचारलं होतं, दुपारचं जेवण करून ठेवून जाणार का.

मी काही बोलायच्या आत मुलगी उठून दारात गेली. "पप्पा, आत्यानेही अशीच सही केली का?"

आमचं हे घर ज्या प्लॉटवर आहे, तो प्लॉट नवऱ्याच्या वडिलांची जमीन बंदराच्या कामात गेली तिच्या बदल्यात मिळालेला. त्याला एक बहीण आहे, पनवेलला भाड्याच्या खोलीत राहते. तिनेही सही केली होती. त्या दिवशी तिला मी स्वतः श्रीखंडपुरीचं जेवण वाढलं होतं.

"ते वेगळं आहे," तो म्हणाला.

"काय वेगळं आहे?"

"तुला नाही कळायचं. तिच्या लग्नाचं सगळं आम्ही केलं होतं."

"मामानेही आईच्या लग्नाचं केलं असेल ना?"

"हे बघ," तो उभा राहिला, "तुला पुस्तक वाचायला सांगितलंय. घरात वकिली करायला नाही." त्याने तिच्या हातातली कादंबरी घेऊन मिटली आणि टीव्हीवर ठेवली. टीव्हीचा आवाज मोठा केला. त्यानंतर त्या पुस्तकाला त्याने हात लावला नाही. पुढचं सगळं आम्ही दोघींनीच वाचलं, तेही दार लोटून.

त्यानंतर माझं मन जाग्यावर राहिलं नाही. मुलगी रोज काहीतरी विचारायची. किती जमीन होती, मामाने किती विकली, तुला विचारलं का, विकल्यावर तरी सांगितलं का. दादाने सांगितलं नव्हतं. वरकसाला, म्हणजे घरामागच्या गवताच्या माळाला, लागून असलेली खालची पट्टी विकल्याचं मला माझ्या शाळेतल्या मैत्रिणीकडून कळलं होतं, आणि तेव्हा मी त्याचं वाईटही वाटून घेतलं नव्हतं. आता वाटायला लागलं. गेल्या काही वर्षांत माहेरी गेल्यावर मी कुठे झोपते ते आठवायला लागलं. माझी आणि आईची झोपायची खोली आता शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना भाड्याने देतात, तिला एसी आहे आणि दारावर नंबर आहे. मी कांद्याच्या टोपल्या असतात त्या पडवीत झोपते. आजवर मला तिथेही सुखाने झोप लागत होती.

सहामाहीच्या पेपरात कादंबरीवर प्रश्न आला. कादंबरीतल्या बहिणीच्या त्यागाविषयी लिहा. मुलीने लिहिलं, की हा त्याग नाही, बहिणीला दुसरं काही करताच येत नव्हतं, आणि नकार द्यायची सोय नसेल तर त्याला त्याग म्हणता येत नाही. तिने मला घरी येऊन उत्तर तोंडपाठ म्हणून दाखवलं. माझ्या पोटच्या मुलीला हे सुचतं, आणि तेही मराठीत. पेपर हातात आले तेव्हा त्या उत्तराला अर्ध्याहून कमी गुण होते आणि बाजूला बाईंनी लाल शाईने लिहिलं होतं, 'कादंबरीला धरून लिहावे.' मुलगी दोन दिवस जेवली नाही नीट. मला म्हणाली, "तू तरी मामाला विचार. तू काहीच विचारत नाहीस म्हणून मग सगळे असं लिहितात."

मी भाऊबीजेला विचारायचं ठरवलं. दुसरा कुठला दिवस निवडायला हवा होता असं नंतर सगळ्यांनी सांगितलं. पण दादा मला एरवी मोकळा भेटतच नव्हता.

नवरा आला नाही. मी आणि मुलगी करंजावरून निघालो. खाडीत नव्या पुलाचं काम चाललं होतं, त्याच्या खांबांच्या कडेने लाँच गेली. दादाकडे सुट्टीचे पाहुणे भरलेले होते. वहिनीला श्वास घ्यायला फुरसत नव्हती, एकीकडे पापलेट तळणं आणि एकीकडे बाहेरून येणाऱ्या हाका. दुपारी पाहुणे समुद्रावर गेल्यावर दादा पाटावर बसला. मी ओवाळलं. त्याने ताटात पाकीट ठेवलं, मी नमस्कार केला आणि तिथेच बसून म्हटलं, "दादा, एक विचारायचं होतं."

"विचार की बाय."

"घरामागे वरच्या अंगाला वरकस आहे ना आपला, जिथे आपण गवत कापायचो. त्यातला एक तुकडा माझ्या नावावर करशील? विकलंस त्यातलं मला काही नको. भातजमीनही नको."

त्याला आधी नीट ऐकू गेलं नसावं. मग त्याचा चेहरा बदलला. "कोनी शिकवला तुला? तुझ्या नवऱ्यानी?"

"कुणी नाही. मला वाटलं म्हणून विचारलं."

"आईचा अर्धा हिस्सा होता, मामा," मुलगी म्हणाली. तिने त्याच्याकडे बघून अगदी शांतपणे सांगितलं. "कायद्याने."

दादाने तिच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडेच बघत म्हणाला, "कायदा मला म्हाईत हाय. तू सही दिलीस. मी हात पिरगळला न्हाय तुझा. चार मान्सांत विचारलां तुला, राजीखुशी हाय का. हसलीस तू. आठवतंय?"

"आठवतंय."

"मग? बाबा खाटेवर पडले तवा कोन होता? आईचं हागमूत कोनी काढला, तुझ्या वहिनीने. तू दोन दिस यायचीस न् रडून जायचीस. बांध फुटला तवा चिखलात मी उतरलो. तवा हिस्सा नको होता तुला. आता मुंबईवाले आले, भाव आला, तवा वरकस आठवला."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मला उत्तर द्यायचं होतं, की मला कुणी राहू दिलं असतं तर मी राहिले असते, की सासरी दोन दिवसांची रजा मागायलाही मला नवऱ्याच्या आईचं तोंड बघावं लागायचं. पण मी फक्त म्हटलं, "मला विचारलं असतंस विकताना, तरी चाललं असतं."

वहिनी आतल्या दारात येऊन उभी होती. हाताला पीठ तसंच. ती म्हणाली, "ओवाळणीच्या ताटापुढे बसून मागितलंत, वन्सं. लोकं काय म्हनतील."

दादा पाटावरून उठला. त्याने माझ्या ताटातलं पाकीट उचलून माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "ह्ये घे. आणि ऐक. हिस्सा मागायचा तर कोरटात जा, तुझी सही तिथे आडवी येईल. माहेरपन पायजे तर गप ऱ्हा. दोन्ही न्हाय मिळायचां."

पाकीट मी पाटावर ठेवलं आणि आम्ही निघालो. स्कूटरवरून धक्क्यापर्यंत सोडायला कुणी आलं नाही. विक्रम रिक्षात बसलो. रेवसच्या धक्क्यावर लाँचची वाट बघताना मुलीने माझ्या हातात हात घातला आणि म्हणाली, "आई, तू भारी बोललीस." मी खरं तर काहीच बोलले नव्हते. पण खोटं कशाला सांगू, तेव्हा मला बरं वाटलं. वाटलं, गेलं तर गेलं, मुलीच्या डोळ्यांत तरी मी उभी राहिले.

त्या वर्षी नवा तांदूळ आला नाही. दरवर्षी थंडीत दादा ओळखीच्या टेम्पोवाल्याबरोबर एक पोतं पाठवायचा, बरोबर वालाच्या शेंगा आणि वहिनीचे पापड. नवऱ्याने एकदा विचारलं, "तांदूळ नाही आला यंदा?" मी म्हटलं, "नाही." तो म्हणाला, "तुला कुणी सांगितलं होतं भांडायला?" मी त्याला आठवण करून दिली, की तोच म्हणाला होता जमिनीचं सोनं झालंय. त्यावर तो म्हणाला, बोलण्याची गोष्ट वेगळी आणि करण्याची वेगळी. मी दादाला संक्रांतीला फोन केला, त्याने उचलला नाही. होळीला केला, वहिनीने उचलला आणि ते शेतावर गेलेत म्हणून सांगितलं. मागून दादाच्या खोकल्याचा आवाज येत होता.

वार्षिक परीक्षा मार्चमध्ये झाली. निकालाच्या दिवशी शाळा पालकांना तपासलेले पेपर बघायला देते. मी मराठीचा पेपर पहिल्यांदा उघडला. प्रश्न जवळजवळ तोच होता. 'कादंबरीतील बहिणीच्या त्यागाचे महत्त्व तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.' मुलीने दीड पान लिहिलं होतं. अक्षर सुंदर. बहिणीने स्वतःच्या सुखापेक्षा भावाचे सुख मोठे मानले. नाती जमिनीच्या तुकड्यापेक्षा मौल्यवान असतात हे ती आपल्याला शिकवते. आजच्या स्वार्थी युगात अशा बहिणींची समाजाला गरज आहे. शेवटी तिने लिहिलं होतं, की ही कादंबरी मी माझ्या आईसोबत वाचली आणि माझ्या आईनेही आपल्या भावासाठी असाच त्याग केला आहे, याचा मला अभिमान वाटतो.

पैकीच्या पैकी गुण होते. बाई माझ्याजवळ आल्या, त्यांच्या चेहऱ्यावर खरंच आनंद होता. "हे उत्तर मी वर्गात वाचून दाखवलं. तुम्ही सोबत बसलात त्याचं फळ आहे. किती पालकांनी पुस्तक उघडूनही बघितलं नाही."

मी म्हटलं, "सहामाहीला तिने वेगळं लिहिलं होतं."

"हो, तेव्हा भरकटली होती थोडी," बाई म्हणाल्या. "मी समजावलं तिला. विचार चांगले होते हो, पण परीक्षेत काय अपेक्षित आहे ते कळायला हवं. पुढच्या वर्षी बोर्ड आहे." मग हळू आवाजात म्हणाल्या, "तपासणाऱ्याला मुद्दे लागतात."

घरी जाताना रिक्षात मी मुलीला विचारलं, "ते तू काय लिहिलंस?"

"काय?"

"अभिमान वाटतो ते."

ती खिडकीबाहेर बघत होती. रस्त्याच्या कडेला कंटेनरच्या ट्रेलरांची रांग लागली होती. "आई, परीक्षेत तसंच लिहायचं असतं. स्वतःचा अनुभव टाकला की मार्क मिळतात. बाईंनीच सांगितलं."

"मग भाऊबीजेला मामाकडे जे बोललीस ते?"

"ते मला तेव्हा खरंच वाटत होतं."

"आणि आता?"

"आताही वाटतं. पण मला काय बोर्डाचे मार्क घालवायचेत का? तू उगाच दोन्ही एक करू नकोस."

वडिलांसारखंच बोलत होती ती. बोलण्याची गोष्ट वेगळी आणि करण्याची वेगळी. मी तिला म्हणणार होते, की तुला दोन्ही वेगळं ठेवता आलं, मला कुणी ते शिकवलं नाही. तू वाचून दाखवलंस ते मी खरं धरून चालले. पण ती पंधरा वर्षांची होती आणि तिच्या हातात चांगल्या गुणांचं प्रगतिपुस्तक होतं. रिक्षावाला आरशातून बघत होता. मी प्रगतिपुस्तक तिच्याकडून घेऊन पर्समध्ये ठेवलं.

मे महिन्यात दादाच्या मुलाचं लग्न निघालं. पत्रिका नवऱ्याच्या मोबाईलवर आली, त्याच्या नावाने, सहकुटुंब सहपरिवार. मला फोन नाही, घरी येऊन बोलावणं नाही. आमच्याकडे हळदीला नवरदेवाच्या आत्याचा मान असतो. हळद लावायला पहिला हात तिचा. मी नवऱ्याला सांगितलं, मी येणार नाही. तो म्हणाला, "मला तर ड्युटीच आहे." त्याच्या बोलण्यात सुटका झाल्याचा सूर होता.

मुलगी म्हणाली, "मी जाऊ?"

मी तिच्याकडे बघितलं.

"माझं कुठे भांडण झालंय, आई? ज्याचं लग्न आहे तो दादाच रोज मेसेज करतोय, सगळे येणार आहेत. मी एकटी घरात बसून काय करू?"

मी नाही म्हटलं असतं तर ती गेली नसती. पण मग काय झालं असतं ते मला दिसत होतं. तिला आजोळचं तेवढं एकच घर उरलेलं, ते माझ्या हट्टापायी तुटलं असतं. मी जा म्हटलं. तिच्या मापाचा ब्लाउज शिवून घेतला. साडी नेसायला तिला येत नव्हतं, म्हणून तिच्या मैत्रिणीच्या आईबरोबर पाठवलं, त्यांचं माहेरही त्याच गावचं.

हळदीचे फोटो मी दुपारी मोबाईलवर बघितले. वहिनीची बहीण नवरदेवाच्या गालाला हळद लावत होती. तिच्या मागे माझी मुलगी, तोंडभर हळद, हसत होती. दादाही त्या फोटोत होता, फेटा बांधलेला. तो बारीक झाल्यासारखा वाटला.

दुसऱ्या दिवशी ती परत आली. पायातल्या चपला काढता काढताच सांगायला लागली, जेवण कसं होतं, डीजे कसा होता, नवरी किती गोरी आहे. मी पाणी दिलं. ती पाणी पीत असताना विचारलं, "मामाने काही विचारलं का?"

"विचारलं ना. आई का नाही आली म्हणाला. सगळ्यांसमोर."

"मग?"

"मी सांगितलं, आईची तब्येत बरी नाही. ताप आहे. मग म्हणाला, काळजी घ्यायला सांग. विषय मिटला." तिने ग्लास ओट्यावर ठेवला. "बरोबर सांगितलं ना?"

माझी तब्येत उत्तम होती. मी तिला म्हटलं, बरोबर सांगितलंस, आणि तिच्या अंगावरच्या साडीच्या पिना काढायला घेतल्या, कारण त्या तिच्या तिला काढता येत नव्हत्या.